‘कोणती गोळी देता हो?’

(गणेशोत्सवातील पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि बीएमवाय यार्डात मालगाडीच्या वॅगनांची तपासणी-दुरुस्ती करण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली. वॅगनसमोर उभे राहून मोठ्याने बोलायची सवय आहे, माणसांसमोर नाही. तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

मागच्या उत्सवात अथर्वशीर्ष पठणानंतर एका काकूंनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, “तुमचा मुलगा किती शांत झाला हो! आधी मांडवाच्या खांबावर चढायचा. कोणती गोळी देता? नाव लिहून द्या, आमच्या नातवासाठी नागपूरहून मागवते.” मी नाव लिहून दिले नाही. काकूंना राग आला, आणि तो साहजिक होता. आपल्याकडे खोकल्याच्या औषधाचे नाव कोणी लपवत नाही. आजचे माझे बोलणे म्हणजे त्या काकूंना एक वर्ष उशिरा दिलेले उत्तर आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. घरातली ही हकीकत मी चिरंजीवांना विचारून सांगतो आहे. तो आता अकरावीत आहे. त्याने एकच अट घातली, “बाबा, माझं नाव घ्यायचं नाही आणि रडायचं नाही.” पहिली नक्की पाळतो.

आमच्या मुलाला एडीएचडी आहे. मराठीत अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता असे म्हणता येईल. हा हट्टीपणा नाही आणि वाईट संस्कारही नाहीत. जगभर साधारण शंभरात पाच मुलांना हा त्रास असतो. यासाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. आई-वडील आणि शिक्षक यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतात. त्रास सहा महिन्यांहून जास्त आहे का, बारा वर्षांच्या आत सुरू झाला का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतो का, हे पाहतात. डोळे, कान, झोप यांत काही दोष नाही ना, हेही तपासतात. आमचे हे सगळे २०१७ साली झाले. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत, वजन बावीस किलो.

त्याआधी दोन वर्षे आम्ही काय केले ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ब्राह्मीचे तेल लावले, केस सुंदर झाले. भिजवलेले बदाम दिले. कोणी म्हणाले साखर बंद करा, म्हणून एका गणपतीत त्याला मोदक दिला नाही. साखरेने मुले चंचल होतात का, यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत आणि १९९५ साली त्यांचा एकत्रित आढावाही निघाला. तसे काही होत नाही. त्या वर्षीचा मोदक अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

आता औषधाकडे येतो. पहिले औषध मिळाले ते मिथाइलफेनिडेट. हे काही नवे खूळ नाही. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील लिआंड्रो पानिझोन यांनी ते तयार केले. पत्नीला लाडाने रिटा म्हणत, त्यावरून रिटालिन हे नाव पडले. १९५४ पासून ते बाजारात आहे, म्हणजे १९५९ साली पेटलेल्या आपल्या भिलाईच्या पहिल्या भट्टीपेक्षा जुने. लोकांना वाटते ही झोपेची किंवा गुंगीची गोळी असेल. तसे नाही, हे उत्तेजक औषध आहे. मेंदूचा जो भाग ‘थांब, आधी हे पुरे कर’ असे सांगतो, त्याला लागणारी डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायने ते वाढवते.

डॉक्टरांनी सुरुवात ५ मिलिग्रॅमने केली. आठवड्याने १०, मग १५. पंधरावर काय झाले ते ऐका. वर्गशिक्षिकेचा फोन आला, “आज पहिल्यांदा तो पूर्ण दिवस एका जागी बसला.” मी पेढे आणले. संध्याकाळी सौ. म्हणाली, “याचं गुणगुणणं बंद झालंय.” आमचा मुलगा जेवताना, अंघोळ करताना, चप्पल घालताना सतत काहीतरी गुणगुणत असतो. त्या आठवड्यात घरात आवाजच नव्हता. खिडकीपाशी बसून राहायचा. डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी ताबडतोब मात्रा दहावर आणली. म्हणाले, “मूल शांत करणं हा आपला हेतू नाही. त्याला जे करायचं आहे ते त्याला करता यावं, एवढंच.” काकूंच्या ‘किती शांत झाला हो’ या वाक्यावर मी गप्प का झालो, त्याचे कारण हे आहे. शिक्षिकेला योग्य वाटलेली मात्रा आणि मुलाला योग्य असलेली मात्रा वेगळी निघाली होती. आईचे लक्ष नसते तर आम्ही पेढे वाटत बसलो असतो.

दहावर गाडी बरी चालली, तरी शाळेतून तक्रारी येतच राहिल्या. मग मी माझ्या सवयीप्रमाणे एक नोंदवही केली. यार्डात प्रत्येक गाडीची नोंद असते, कुठे काय सापडले, किती वाजता. तशीच ही. गोळी किती वाजता, नाश्ता काय, शाळेचा शेरा कोणत्या तासाचा, झोप कधी, रडणे कधी. तीन आठवड्यांची वही डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी दोन मिनिटांत पेन टेकवले. शाळेचे सगळे शेरे मधल्या सुट्टीनंतरचे होते! साधी गोळी तीन-चार तासच टिकते. साडेसातला दिलेली साडेअकराला संपत होती. मुलगा वाईट नव्हता, औषध संपलेले होते.

दुपारची दुसरी गोळी सुरू करायची ठरली, पण शाळा ती द्यायला तयार होईना. मग सौ. रोज मधल्या सुट्टीत फाटकाशी स्कूटर लावून उभी राहायची. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. ऊन असो, पाऊस असो, दीड वर्ष हे चालले. त्या दीड वर्षात मी फक्त वही लिहीत होतो, हेही नोंदवून ठेवतो.

इथे एक मोठा अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिका आणि कॅनडात ५७९ मुलांवर चौदा महिने तो चालला आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष आले. एमटीए नावाने तो ओळखला जातो. एका गटाला संशोधकांनी औषध दिले. दुसऱ्या एका गटाला त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांवर सोडले, त्यांतल्याही सुमारे दोन-तृतीयांश मुलांना औषध मिळतच होते. तरी पहिला गट स्पष्टपणे पुढे राहिला. औषध बहुतेक तेच होते. फरक असा की पहिल्या गटात सुरुवातीला महिनाभर वेगवेगळ्या मात्रा देऊन प्रत्येक मुलाची मात्रा शोधली गेली, नंतर दर महिन्याला भेट झाली, शिक्षकांचे मत घेतले गेले, औषध दिवसभर पुरेल असे दिले गेले. काकू, गोळीचे नाव दोन्ही गटांत होते. प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे. त्याच मुलांना तीन वर्षांनंतर पाहिले तेव्हा, म्हणजे २००७ च्या अहवालात, गटांमधला हा फरक उरलेला नव्हता. तोवर काळजीपूर्वक देखरेखीचा तो कार्यक्रम संपून बराच काळ लोटला होता.

आता माझी चूक. २०१८ साली घरी एक वडीलधारे नातेवाईक आले होते. त्यांनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, त्यावरची लाल अक्षरे वाचली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “पोराला नशेची गोळी देता?” मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येते, हे खरे आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो, आणि विकायला वेगळा परवाना लागतो. म्हणून ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. दुकानदार गोळी देतानाही चोराकडे पाहावे तसे पाहतो. माझा धीर सुटला. डॉक्टरांना न विचारता मी औषध बंद केले. सौ.चे ऐकले नाही.

चार महिने गेले. शाळेचे काय झाले ते सोडा. एका संध्याकाळी कटलेल्या पतंगामागे तो चरोद्याच्या रस्त्यावर धावला, दोन्हीकडे न पाहता. मोटारसायकलवाल्याने ब्रेक मारला म्हणून हातावर निभावले. उजव्या हाताचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर घालताना तो मला म्हणाला, “बाबा, मला थांबायचं होतं, पण पाय आधी गेले.” बंधूंनो, मी ब्रेक तपासणारा माणूस आहे.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच समजावले की डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरलेल्या मात्रेत, तोंडावाटे घेतलेल्या या औषधाने मुले व्यसनी होतात असे दिसलेले नाही. कायदा कडक आहे तो गैरवापर करणाऱ्यांसाठी. तो गैरवापर कसा असतो, तेही आम्ही पुढे पाहिले. भिलाईत कोचिंगचा जोर तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा नववीत असताना एका मुलाने त्याच्याकडे परीक्षेसाठी ‘अभ्यासाची गोळी’ मागितली, पैसे देतो म्हणाला. चिरंजीवांनी घरी येऊन सांगितले म्हणून कळले. तेव्हापासून पट्टी कपाटात कुलपात असते, आणि गोळ्या मोजून. ज्यांच्या घरी हे औषध आहे त्यांनी ही गोष्ट आजच करावी.

औषध पुन्हा सुरू झाले. ते मिळवायला दर महिन्याला नागपूर. सौ.चे माहेर तिकडेच, म्हणून सोयीचे. चार-साडेचार तास जायचे, धंतोलीतून औषध घ्यायचे, परत यायचे. पास संपले की तिकीट काढून. रेल्वेवाल्याने तिकीट काढले म्हणजे प्रसंग किती गंभीर, हे सहकारी समजतील.

यानंतर ज्या गोष्टीने आम्हाला सर्वांत जास्त फसवले ती सांगतो. मूल वाढत असते. ऐकायला सोपे आहे, पण औषधाच्या बाबतीत आई-बाप हे विसरतात. त्यात दोन गोष्टी आल्या.

पहिली, या औषधाने भूक मरते. दुपारचा डबा तसाच परत यायचा. एमटीएच्या मुलांतही तीन वर्षांनी दिसले की औषध घेणारी मुले न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी दोन सेंटिमीटरने कमी उंच आणि सुमारे पावणेतीन किलोने हलकी होती. आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. २०१९ मधल्या दोन खुणा अगदी जवळजवळ आहेत. डॉक्टरांनी वाढीचा तक्ता काढला आणि उपाय सांगितला. गोळीआधी पोटभर नाश्ता, आणि रात्री औषध उतरल्यावर नऊला पुन्हा वरण-भात-तूप. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या सल्ल्याने औषधालाही सुट्टी. तो मे महिना घराला भूकंपासारखा गेला, पण मुलाने आंबे मनसोक्त खाल्ले आणि चौकटीवरची खूण सरकली.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. प्रवासी गाड्या बंद. मालगाड्या चालू होत्या, मी रोज ड्यूटीवर जात होतो, डोळ्यांसमोरून नागपूरकडे रेक जात होते आणि माझ्या घरात गोळ्या संपत होत्या. फोनवर डॉक्टर भेटले, पण त्याच मार्चमध्ये आलेल्या दूरवैद्यकाच्या नियमांत शेड्यूल एक्सची औषधे फोनवरून लिहून द्यायला मनाई होती. म्हणून त्यांनी दुसरे औषध लिहिले, अ‍ॅटोमॉक्सेटिन. हे उत्तेजक नाही आणि साध्या चिठ्ठीवर मिळते. याचा स्वभाव वेगळा. पहिले अर्ध्या-एक तासात काम दाखवते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. हे चार-सहा आठवडे काहीच दाखवत नाही, पण एकदा लागू पडले की दिवसभर राहते. सुरुवातीला मळमळ, झोप. तिसऱ्या आठवड्यात आम्ही हे बिनकामाचे म्हणून सोडायला निघालो होतो. सौ.ने थांबवले. या वेळी मी ऐकले. मुलाचा स्वभाव एकदम उदास झाला, जीव नकोसा झाल्यासारखे बोलू लागला, किंवा डोळे पिवळे दिसले, तर ताबडतोब कळवा असे डॉक्टरांनी बजावले होते. तसे काही झाले नाही, पण ही लक्षणे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती.

या औषधाची मात्रा वजनावर ठरते. साधारण किलोला अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात, आणि हळूहळू १.२ पर्यंत. तेव्हा मुलगा अठ्ठावीस किलोचा. १०, मग १८, मग २५ वर बसवले. छान चालले. आणि आम्ही निर्धास्त झालो. वहीसुद्धा बंद केली.

२०२२ चा पावसाळा. सातवी. पुन्हा तेच, वस्तू हरवणे, अर्धवट वह्या, उलट उत्तरे. मी म्हटले, आता वय वाढले, हा मुद्दाम करतोय. दोन महिने मी त्याच्याशी नीट बोललो नाही. शेवटी डॉक्टरांकडे नेले तर त्यांनी आधी काट्यावर उभे केले. त्रेचाळीस किलो! आणि औषध तेच पंचवीस. अठ्ठावीस किलोला जे जवळपास ०.९ पडत होते, ते आता ०.६ सुद्धा नव्हते.

माझ्या सहकाऱ्यांना सांगायची गरज नाही, इतरांसाठी सांगतो. बॉक्सएन वॅगनला एक एम्प्टी-लोडचा हँडल असतो. वॅगन रिकामी असेल तर एका बाजूला, भरली की दुसऱ्या बाजूला. भरलेल्या वॅगनवर हँडल रिकाम्याच्या जागी राहिला तर ब्रेक पुरत नाही. रिकाम्यावर भरलेल्याचा राहिला तर चाके घसटतात आणि चपटी पडतात. हँडल बदलला नाही म्हणून वॅगनला दोष देणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. घरी मात्र मी तेच दोन महिने करत होतो. त्या रात्री मी मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, “चालतंय.” सातवीतल्या मुलाचे ‘चालतंय’ म्हणजे काय ते आई-बापांना कळते.

मात्रा ४० झाली. नववीत अभ्यास वाढला तेव्हा ती पुरेना, आणि डॉक्टरांनी पुन्हा मिथाइलफेनिडेटकडे आणले, पण आता हळूहळू सुटणारी, सकाळी एकदाच घ्यायची गोळी. फाटकाशी उभे राहायचे दिवस संपले. नाडी आणि रक्तदाब दर खेपेला मोजतात. घराण्यात हृदयविकार किंवा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला आहे का, हे सुरुवातीलाच विचारले होते. तुम्हालाही विचारतील, तेव्हा लपवू नका.

आता गंमत अशी की तो स्वतःच वही लिहितो. गेल्या वर्षी त्याने डॉक्टरांना सांगितले की रविवारी त्याला गोळीशिवाय राहायचे आहे, कारण चित्रे काढताना त्याला गोळी नको वाटते. डॉक्टरांनी हो म्हटले. मला पटले नव्हते. पण औषध त्याच्या पोटात जाते, माझ्या नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांबद्दल दोघा-तिघांनी विचारले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, २०१७ साली मार्गदर्शन काढले आहे. त्यानुसार त्या वयात आधी पालकांचे प्रशिक्षण आणि वर्तनोपचार, औषध त्यानंतरची गोष्ट. मोठ्या मुलांतही नुसत्या गोळीवर भागत नाही. दप्तर भरायची यादी दारावर चिकटवणे, एका वेळी एकच सूचना देणे, हे आमच्याकडे अजून चालू आहे. सुरुवात आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. सेक्टर ९ च्या रुग्णालयात बालरोग विभाग आहे, रायपूरच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे. ‘मानसोपचार’ या शब्दाला घाबरून आम्ही दोन वर्षे घालवली, तेव्हा तिथे जाणाऱ्याला कृपा करून या मांडवात कोणी नावे ठेवू नका.

तर काकू, तुम्ही समोर बसला आहात म्हणून विचारतो, कोणते नाव लिहून देऊ? माझ्या वहीत नऊ वर्षांत दोन औषधे, तीन प्रकारच्या गोळ्या आणि दहाएक मात्रा आहेत. त्यांतली प्रत्येक कधीतरी बरोबर होती आणि नंतर चुकीची झाली. तुमच्या नातवाचे वजन, त्याची भूक, त्याच्या शाळेची वेळ माझ्या वहीत नाही. वही मी आज बरोबर आणली आहे. आरतीनंतर प्रसादाच्या टेबलापाशी मी आणि सौ. थांबणार आहोत. रकाने कसे आखायचे ते दाखवतो, कोरी वहीही देतो. नातवालाही घेऊन या. चिरंजीव बाहेर ढोल वाजवतोय, तो त्याला ढोल शिकवील.

गणपती बाप्पा मोरया!